कळलावीचं बेणं: मूलनूर पट्ट्यातल्या एका पिकाचा ताळेबंद

तमिळनाडूतल्या तिरुप्पूर जिल्ह्यात, धारापुरम तालुक्यात मूलनूर आहे. पालघाट खिंडीतून येणारा वारा इथे जून ते ऑगस्ट असा सुटतो की पवनचक्क्यांच्या कंपन्यांनी हा सगळा टापू कधीच हेरून ठेवलाय. पाऊस सालीना सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परतीच्या मोसमातला. जमीन तांबडी, मुरमाड, पाणी न धरणारी. मुलखाची मूळ ओळख कांगेयम जातीच्या बैलांची आणि त्यांच्यासाठी राखलेल्या गवताळ कुरणांची. ही कुरणं दगडी गडग्यांनी बांधलेली नसतात. त्यांना ‘किळुवै’ या काटेरी झुडपाचं जिवंत कुंपण असतं, मधूनमधून हिवराची झाडं. या कुंपणातून पावसाळ्यात एक वेल वर यायची, फुलायची आणि पुन्हा जमिनीत गडप व्हायची. तिला कुणी पीक म्हणत नव्हतं. आज मूलनूर, पलीकडे दिंडुक्कल जिल्ह्यातलं ओट्टनछत्रम, करूर जिल्ह्यातलं अरवकुरिची आणि किनाऱ्यावर नागपट्टिनमचं वेदारण्यम अशा टापूंत तीच वेल तारांवर चढवून शेतात घेतली जाते. ही आपली कळलावी.

आपली म्हणायचं कारण आहे. सह्याद्रीत, कोकणात, अगदी देशावरच्या बांधांवरही ती पावसाळ्यात दिसते. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात आणि गौरीच्या पूजेत ही फुलं लागतात. कुठे खड्यानाग म्हणतात. घरात लावली तर भांडणं लागतात असा समज असल्याने अंगणात मात्र तिला जागा नाही. वैद्यकात ती लांगली, अग्निशिखा. उपविषांत गणलेली, म्हणजे कंद गोमूत्रात भिजवून शोधन केल्याशिवाय वापरायची नाही अशी. अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीवर, तळव्यांवर कंदाचा लेप लावायची जुनी चाल होती. ती आज कुणी करू नये.

वर्षातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच: ‘तमिळनाडूत कळलावीच्या बियांना किलोला हजारोंनी भाव मिळतो म्हणे, आपल्याकडे तर ती रानात फुकट उगवते, मग आपण का लावू नये?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मूलनूरचं प्रकरण नीट उलगडून बघावं लागतं, कारण तिथे या वेलीने शेतकऱ्याला पैसे दिले आहेत आणि अडकवूनही ठेवलं आहे. दोन्हीचं मूळ जमिनीखाली आहे.

वेल कशी वागते

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. १७५३ साली लिनीयसने दिलेलं. मूळ प्रदेश उष्ण कटिबंधातली आफ्रिका आणि दक्षिण व आग्नेय आशिया. झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल. १९४७ साली दक्षिण ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, शाळकरी मुलांच्या वर्गणीतून राजकन्या एलिझाबेथला जी हिऱ्यांची पिन भेट मिळाली, ती याच फुलाच्या आकाराची. तमिळनाडूचं ते राज्यपुष्प आहे, आणि संगम काळातल्या तमिळ कवींना डोंगराळ मुलखातल्या प्रेमाच्या कवितांत हे फूल हटकून आठवतं. श्रीलंकेतल्या तमिळ ईलमच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राच्या, चळवळीनेही ते आपलं चिन्ह म्हणून घेतलं. एका वेलीला इतके मानपान क्वचित मिळतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र कामाचे भाग दोनच, कंद आणि बी. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन फाट्यांचा. दरवर्षी जुना कंद सुकतो आणि वेल त्याच्या जागी नवा तयार करते. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, एक मोडला तर दुसरा फुटतो. इथे तसं नाही. टोक मोडलं की तो फाटा गेला. आणि कंद ठिसूळ इतका की पोतं जरा आपटलं तरी टोकं तुटतात. म्हणून बेणं हाताळताना मजूर तो अंड्यासारखा उचलतात, डोळा शाबूत आहे का ते बघतात, मग बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवतात. बियांपासून रोप करता येतं, पण फुलावर यायला तीन-चार वर्षं जातात. एवढं थांबायला कुणाला परवडत नाही, म्हणून लागवड कंदाचीच.

पानाचं टोक सुताच्या धाग्यासारखं वळतं आणि मिळेल त्याला विळखा घालतं. किळुवैच्या कुंपणावर ती आपोआप चढायची ती यामुळेच. शेतात तेच किळुवैचे खुंट रोवून, तारा ओढून तिला आधार देतात. लागवड जून-जुलैत, सरीत. ओळीत फूट-दीड फूट अंतर, ठिबक. पाणी हवं पण साचून चालत नाही. साचलं की कंदकूज. पूर्ण पीक पाच-साडेपाच महिन्यांत हातावेगळं होतं, मग वेल वाळते आणि कंद जमिनीत झोपी जातो.

सकाळी आठ ते अकरा

या पिकात सगळ्यात जास्त मजुरी जाते ती फुलांवर. कळी खाली मान घालून असते. उमलली की सहा पाकळ्या उलट्या वर वळतात. कडा नागमोडी, रंग आधी हिरवट, मग पिवळा, मग वरून लाल उतरत येतो. परागकणांचे सहा केसर बाजूंना ताणलेले. आणि स्त्रीकेसराचा दांडा मुळापाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो, जणू स्वतःच्या फुलातल्या परागाशी त्याला काही घेणंदेणं नाही. रानात फुलपाखरं आणि सूर्यपक्षी हे काम करतात. ओळीने एकरभर फुललेल्या शेतात ती पुरी पडत नाहीत, म्हणून माणसाला करावं लागतं.

बायका सकाळी आठच्या सुमारास शेतात शिरतात. एका फुलातले पिवळे परागकोष बोटात किंवा कुंचल्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या फुलाच्या तीन फाट्यांच्या टोकावर टेकवायचे. एवढंच. पण उमलल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच केलं पाहिजे, आणि अकराच्या पुढे ऊन चढलं की परागात जीव उरत नाही. वेलीला फुलं रोज नवी येतात, म्हणून हे काम दीड-दोन महिने रोज. एखाद्या सकाळी मजूर आले नाहीत तर त्या दिवसाची फुलं बिनबियांची जातात; ती उणीव पुढे भरून काढता येत नाही. घरची माणसं शेतात असणाऱ्याचंच हे पीक, असं मला वाटतं ते या तीन तासांमुळे.

परागीकरण जमलं तर बोंड धरतं. याच काळात परतीचा मोसम येतो. सलग चार दिवस ढग आणि रिमझिम राहिली की पानांवर करप्याचे ठिपके पडतात आणि बघता बघता वेल काळवंडते. दुसरा शत्रू देखणा आहे: काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेली लिलीची अळी. ती पानं, कळ्या सगळं खाते आणि दुरूनही दिसते, म्हणून निदान हाताने वेचता तरी येते. करप्याला तसा उपाय नाही. फवारणी वेळेत झाली तर झाली.

बोंडाचा हिरवा रंग उतरून साल सैल पडू लागली की तोडतात, सावलीत पसरतात. आठवड्याभरात ती तीन फाकांत उकलतात आणि आत भगव्या-तांबड्या, वाटाण्याहून लहान बिया दिसतात. वाळवलेलं हे बी म्हणजे विक्रीचा माल. हेक्टरी उत्पादन दोनशे ते अडीचशे किलो, म्हणजे एकरी साधारण ऐंशी ते शंभर.

पैसा कुठे अडकतो

आता हिशेब. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी सुमारे दोन हजार किलो कंद लागतात. एकरी आठशे किलो धरू. कंदाचा भाव वर्षागणिक हलतो. समजा किलोला तीनशे रुपये पडला, तर नुसतं बेणं २,४०,००० रुपयांचं. खुंट, तारा, ठिबक, मजुरी वेगळी. बियांचं उत्पादन नव्वद किलो धरलं आणि भाव हजार मिळाला तर हाती नव्वद हजार. तीन हजार मिळाला तर दोन लाख सत्तर हजार. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण बियांचा भाव काही वर्षांच्या फेऱ्यात असाच वर-खाली जात आला आहे. म्हणजे चढ्या भावाचं वर्ष मिळालं तर पहिल्याच हंगामात बेणं वसूल, आणि उतरत्या भावात तीन-तीन हंगाम मजुरीसुद्धा अंगावर.

आता बघा, शेतकऱ्याने एवढे पैसे गुंतवले कशात? बियांत नाही. कंदात. आणि तो कंद दरवर्षी जमिनीत नवा होत राहतो, म्हणून भांडवल तसं बुडालेलं नसतं. हीच त्याची अडचण. ज्वारी परवडली नाही तर पुढच्या वर्षी कापूस लावता येतो. कळलावी उपटायची तर अडीच लाखांचा कंद कुणाला तरी विकायला हवा, आणि बियांचा भाव पडलेला असताना कंदाला गिऱ्हाईक नसतं. मग शेतकरी वेल ठेवतो, पुन्हा परागीकरण करतो, बी वाळवून पोत्यांत भरतो आणि भाव येण्याची वाट बघतो. बी नीट वाळलं असेल तर टिकतं, त्यामुळे दोन-दोन वर्षांचं पीक घरात साठतं. भाव जरा वर आला की सगळे एकदम पोती बाहेर काढतात, आणि भाव पुन्हा खाली.

भाव चढलेला असतो तेव्हा याच्या उलट घडतं. नवे शेतकरी येतात, कंदाची मागणी फुगते, आणि जुन्या शेतकऱ्याला बियांपेक्षा बेणं विकण्यात जास्त सुटतं. दोन-तीन वर्षांपूर्वी लावलेल्याला नव्याने लावणारा पैसे देतो. आपल्याकडे साधारण २००० सालाच्या मागेपुढे सफेद मुसळीत हेच झालं होतं. तेव्हा मुसळी ज्यांनी औषधी म्हणून विकली त्यांच्यापेक्षा ज्यांनी बेणं म्हणून विकली ते तरले. शेवटी आलेल्यांच्या हाती कंद राहिले आणि पुन्हा खरेदीचे करार करणारे गायब झाले. मूलनूरमध्ये परिस्थिती एवढी वाईट नाही, कारण बियांना खरंच गिऱ्हाईक आहे. पण बेण्याच्या व्यापाराचा साचा तोच.

बेण्याच्या या मागणीची झळ रानालाही लागली. शेतात कंद तयार व्हायला वेळ लागतो. रानातला कंद खणला की लगेच विकता येतो. अनेक ठिकाणी कुंपणं, टेकड्या, राखीव जंगलांच्या कडा खणून काढल्या गेल्या. औषधी वनस्पतीची लागवड केली की रानातली वाचते असं आपण गृहीत धरतो. कंदाच्या पिकात ते सुरुवातीची बरीच वर्षं उलटंच असतं, असं माझं मत आहे.

बी कुठे जातं

बियांतलं द्रव्य म्हणजे कोल्चिसीन. ते पहिल्यांदा वेगळं केलं पॅरिसमधल्या पेलेतिए आणि काव्हँतू या जोडीने, १८२० साली, पण ते युरोपातल्या शरद केशर नावाच्या फुलझाडाच्या कंदातून. वातरक्तावर म्हणजे गाऊटवर ते फार जुनं औषध. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रं ज्या सूक्ष्म नळ्यांच्या आधाराने दोन बाजूंना ओढली जातात, त्या नळ्याच ते बनू देत नाही. औषध आणि विष दोन्ही याचमुळे. १९३७ साली अमेरिकेत ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी दाखवलं की कोल्चिसीन लावलं तर वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात. बिनबियांचं कलिंगड पुढे याच वाटेने आलं.

अलीकडे या औषधाचे दिवस पालटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली कोल्चिसीनच्या एका ब्रँडला मंजुरी दिली आणि तिथे गोळीची किंमत काही सेंटांवरून पाच डॉलरच्या जवळ गेली. जून २०२३ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी दिवसाला अर्धा मिलिग्रॅमच्या मात्रेलाही तिथे परवानगी मिळाली. या बातम्या मूलनूरपर्यंत ‘आता भाव वाढणार’ अशा पोचतात. मग एक गणित करून बघा. बियांत कोल्चिसीन अर्धा ते एक टक्क्याच्या दरम्यान. ०.६ टक्के धरलं तर एकराच्या नव्वद किलो बियांत ५४० ग्रॅम. काढताना निम्मं वाया गेलं असं समजलं तरी २७० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या ५,४०,००० गोळ्या. एका एकरात जवळजवळ दीड हजार रुग्णांची वर्षभराची सोय. जगाला लागणारं कोल्चिसीन पुरवायला फार मोठं क्षेत्र लागतच नाही. हृदयरोग्यांची संख्या कितीही असो, काही तालुके मिळून बाजार भरून टाकू शकतात.

बियांचा दुसरा उपयोग कमी बोलला जातो, पण वजनाने तो मोठा असावा. बियांत कोल्चिकोसाइडही असतं आणि त्यापासून थायोकोल्चिकोसाइड हे स्नायू सैल करणारं औषध बनतं; पाठ धरली की आपल्याकडेही डॉक्टर लिहून देतात. त्याची गोळी चार-आठ मिलिग्रॅमची, म्हणजे एका गोळीला कितीतरी जास्त बी. २०१३ साली युरोपीय औषध संस्थेने मात्र या औषधावर मर्यादा घातल्या: सोळा वर्षांवरच्यांनाच, थोड्या दिवसांसाठी, तेही जोडउपचार म्हणून. गुणसूत्रांच्या संख्येत बिघाड होण्याची शंका हे कारण. मूलनूरच्या शेतकऱ्याला तेव्हा लंडनमध्ये बसलेल्या या संस्थेच्या समितीची बैठक कशी कळणार? त्याला कळतो तो आडत्याने सांगितलेला भाव.

आणि आडत्यापुढे अर्क काढणारे कारखाने देशात मोजकेच, परदेशातले खरीदारही मोजके. बाजार समितीत लिलाव होत नाही, वायदा नाही, जाहीर भाव नाही. सरकारने आधारभूत किंमत ठरवावी ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. मला ती समजते, पण ज्या मालाचं खाणं नाही, रेशन नाही आणि शेवटचे ग्राहक मूठभर औषध कंपन्या, तो सरकारने घेऊन ठेवायचा कुठे? शेतकऱ्यांनी गट करून बियांतलं कोल्चिसीन प्रयोगशाळेत मोजून घेणं आणि टक्क्यावर भाव मागणं हा मला जास्त पटणारा मार्ग. उसाचा भाव साखरेच्या उताऱ्यावर ठरतो हे आपल्याला माहीतच आहे; इथे शेतकरी किलोवर विकतो आणि घेणारा टक्क्यावर वापरतो.

पलीकडून आणखी एक गोष्ट येते आहे. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी याच कळलावीच्या जनुकांचा माग काढून कोल्चिसीन बनण्याची जवळजवळ सगळी साखळी उलगडली आणि ती तंबाखूच्या कुळातल्या एका झाडात बसवून कोल्चिसीनच्या अलीकडचा रेणू तयार करून दाखवला. कारखान्यात ते स्वस्त पडेपर्यंत वेळ लागेल. पण कारखान्यातले रंग आल्यावर मंजिष्ठा आणि निळीच्या शेतीचं काय झालं ते आठवलं तर शंभर वर्षं लागतील असंही म्हणवत नाही.

घरातली पोती

एक गोष्ट लागवडीच्या माहितीपत्रकांत एका ओळीत उरकलेली असते. कंद रताळ्यासारखा, कणगीसारखा दिसतो. श्रीलंकेत लोकांनी तो कंदमूळ समजून उकडून खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत पुन्हा पुन्हा येतात. उकडून विष जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, दोन-तीन दिवसांत रक्तपेशी घटायला लागतात, जो वाचतो त्याचे दोनेक आठवड्यांनी केस गळतात. उतारा नाही, दवाखान्यात फक्त आधार देता येतो. बेण्याची पोती घरात, पडवीत, धान्याशेजारी ठेवली जातात हे लक्षात घेतलं तर लहान मुलं आणि गुरं असलेल्या घरात वेगळी, कुलपाची खोली हा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

मग आपल्याकडे?

रानात उगवते म्हणजे शेतात परवडेल असं नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर ती फुलते तेव्हा पाऊस भरात असतो; एकरभर एकाच वेलीत करपा शिरायला याहून चांगलं हवामान नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला, कमी पावसाच्या हलक्या जमिनीत ती येईल. वेल म्हणून काही अडचण दिसत नाही. अडचण आहे मजुरीची आणि विक्रीची. सप्टेंबरात आपल्याकडे सोयाबीन-बाजरीच्या काढणीची गडबड असते, आणि रोज सकाळी तीन तास फुलांमागे फिरणारी माणसं तेव्हाच लागणार.

ज्याला लावायचीच आहे त्याला मी दोन-तीन गुंठ्यांवर लावायला सांगतो. कंद रानातून खणलेला नको, शेतातला, आणि डोळे आपण स्वतः बघून घेतलेले. बेणं विकणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारायचा: ‘तुम्ही स्वतः गेल्या वर्षी किती किलो बी विकलं, कुणाला विकलं, त्याची पावती दाखवता का?’ त्याच्याकडे फक्त कंदविक्रीच्या पावत्या निघाल्या तर चहा पिऊन उठायचं.